एक गाव, दहा खाती: पाणी, शेती, वीज आणि गायरान यांच्या योजनांचा मेळ कसा घालायचा

दुष्काळी पट्ट्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या फळ्यासमोर उभे राहा आणि तिथे लावलेल्या योजना एकेक करून वाचा. कृषी विभाग शेततळ्याला आणि ठिबकला अनुदान देतो. गावाची शेतीपंपांची वाहिनी सौर होणार आहे, म्हणजे दिवसा वीज मिळेल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं वीजबिल २०२४ पासून सरकार भरतं आहे. कारखान्याला साखरेबरोबर इथेनॉलसाठीही ऊस हवा आहे. जलजीवन मिशनची विहीर ओढ्याकाठी झाली आहे. झाडं लावायला सामाजिक वनीकरण गायरान मागतं आणि सौर प्रकल्पाची नजरही त्याच गायरानावर असते.

यातली एकही योजना वाईट नाही. प्रत्येकीमागे विकासाचं किंवा हवामानाचं एक खरं उद्दिष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टं २०३० पर्यंत गाठायची आहेत. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत केली. ही उद्दिष्टं वरून खाली येताना खात्याखात्यांत वाटली जातात. प्रत्येक खात्याला आपला लक्ष्यांक मिळतो, आपलं पोर्टल मिळतं, आपली मार्चअखेर मिळते. पाणी मात्र सगळ्यांना एकाच पाणलोटातून (एकाच ओढ्याकडे पाणी वाहून येणाऱ्या शिवारातून) घ्यायचं असतं आणि जमीन एकाच गावनकाशातून.

म्हणून योजनांचा मेळ मंत्रालयातल्या समितीत बसण्याआधी गावात बसवावा, असं माझं ठाम मत आहे. तिथे दोन योजनांची टक्कर डोळ्यांना दिसते, आणि ती सोडवायला लागणारी माणसं हाकेच्या अंतरावर असतात. अधिकारही आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नोंदवले, त्यात शेती, जलसंधारण, सामाजिक वनीकरण, पिण्याचं पाणी आणि अपारंपरिक ऊर्जा हे सगळं आहे. पुढचं सगळं सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे. संदर्भ महाराष्ट्राच्या पद्धतीचा धरला आहे.

पायरी १: टक्कर कुठे आहे ते आधी लिहून काढा

एका मोठ्या कागदावर गावात चालू असलेल्या आणि येऊ घातलेल्या सगळ्या योजना लिहा. प्रत्येकीपुढे चार रकाने करा: पाणी किती लागणार, जमीन कुठली लागणार, मजूर कधी लागणार आणि निर्णय कोण घेणार. शेवटच्या रकान्यात 'शासन' एवढंच लिहून भागत नाही. तालुका कृषी अधिकारी, गटविकास अधिकारी, महावितरणचा उपकार्यकारी अभियंता, वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार असं नेमकं पद हवं.

रकाने भरले की दोन योजनांना एकच गट नंबर किंवा एकच ओढा लागतोय, हे दिसू लागतं. तिथे लाल पेनाने खूण करा. बहुतेक गावांत अशा खुणा मोजक्याच निघतात. पुढची सगळी मेहनत त्यांच्यावर करायची, बाकीच्या योजना आपापल्या मार्गाने जाऊ द्या. सगळ्यांचाच समन्वय करायला गेलं की बैठकांचीच संख्या वाढत जाते.

पायरी २: शिवार फेरी, आणि तीही माथ्यापासून

गावनकाशा हातात घेऊन पाणलोटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत चाला. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक, जलसंधारणाचा अभियंता आणि वायरमन यांना एकाच दिवशी बरोबर घ्या. वायरमनला कोणी बोलवत नाही, पण कुठल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) किती पंप आहेत आणि वीजचोरीचे किती आकडे पडलेत, हे त्याच्याएवढं कोणालाच माहीत नसतं.

नकाशावर चालू आणि कोरड्या विहिरी, बोअर, जुने बंधारे व त्यांतला गाळ, गायरानाची हद्द, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि शेततळी मांडा. शेततळ्याजवळ थोडं थांबा. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचं अस्तर घातलेली कितीतरी तळी विहिरीचं आणि बोअरचं पाणी उपसून भरली जातात. जमिनीखालचं पाणी वर उघड्यावर आणून उन्हात ठेवलं की त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. कृषी विभागाच्या कागदावर तो 'जलसाठा' असतो, भूजलाच्या कागदावर तोच 'उपसा' असतो. तळं कशाने भरतं, हे प्रत्येक तळ्यापाशी विचारून नकाशावर लिहा. दोन खात्यांचे आकडे गावात का जुळत नाहीत, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पायरी ३: पाण्याचा ताळेबंद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खात्यांना एकमेकांशी बोलायला एक समान भाषा लागते आणि कोरडवाहू महाराष्ट्रात ती भाषा म्हणजे पाण्याचे घनमीटर. हिशेब अवघड नाही, सातवी-आठवीच्या मुलांकडूनही करून घेता येतो.

एक सूत्र लक्षात ठेवा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी. समजा गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर झाला. एकूण पाणी ५० लाख घनमीटर. आकडा मोठा दिसतो, पण त्यातलं बहुतेक वाफ होतं, वाहून जातं किंवा मातीच्या ओलीत राहून खरिपाच्या पिकाला लागतं. आपल्या बेसॉल्टच्या कातळात भूजलापर्यंत ढोबळमानाने दहावा भाग मुरतो, कुठे जास्त, कुठे कमी. तुमच्या भागाचं नेमकं प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून घ्या. उदाहरणापुरतं दहा टक्के धरू, म्हणजे ५ लाख घनमीटर.

आता खर्च. गावात २००० माणसं आहेत आणि जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं, तर वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर लागतात. हजार जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे आणखी १८ हजार. थोडं पाणी भूगर्भातून ओढ्याकडे झिरपून जातं, ते अडवता येत नाही आणि अडवूही नये. हे सगळं वजा करून शेतीसाठी ४ लाख घनमीटर उरले असं धरा. बंधारे आणि तळ्यांतला पावसाचा साठा असेल तर तो वेगळा मोजून यात मिळवा.

पाट पद्धतीने भिजणाऱ्या उसाला ढोबळमानाने हेक्टरी २० हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे उरलेलं सगळं पाणी २० हेक्टर, जेमतेम ५० एकर उसात संपतं. हरभऱ्याला हेक्टरी ३ हजार धरले तर त्याच पाण्यात १३० हेक्टरांच्या वर पीक निघतं. आणखी एक आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा: दोन हेक्टर ऊस एका वर्षात जेवढं पाणी घेतो, तेवढं पाणी दोन हजार माणसांच्या अख्ख्या गावाला वर्षभर पुरतं.

हा हिशेब समोर असला की खात्यांच्या योजनांकडे बघण्याची नजर बदलते. ठिबकचं उदाहरण घ्या. ठिबकने एकरी पाणी वाचतं, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचे दोन एकर भिजवले तर गावाचा उपसा होता तेवढाच राहतो, कधी वाढतोही. ठिबकच्या प्रस्तावाला शिफारस देताना ग्रामपंचायतीने एकच प्रश्न विचारावा, बागायत क्षेत्र वाढणार आहे का? सौर वाहिनीचंही तसंच आहे. रात्रीअपरात्री साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती कोळसा न जाळता मिळणार आहे. पण पंप दिवसभर चालणार आणि बिल शून्य, म्हणजे उपशाला किमतीचा लगाम उरत नाही. तो लगाम गावाने आपला आपण घालायचा असतो, आणि त्याला ताळेबंदाचा आधार लागतो.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत असे ताळेबंद झालेले आहेत, अटल भूजल योजनेच्या गावांत जल सुरक्षा आराखडे झाले आहेत. तुमचं गाव त्यांत असेल तर जुना कागद आधी शोधा. नव्याने काहीच मांडायची गरज नाही, फक्त यंदाचा पाऊस आणि यंदाची पिकं घाला.

पायरी ४: ठराव ग्रामसभेत, तेही प्राधान्यक्रमासह

ताळेबंद आधी महिला सभेत मांडा. हंडा उचलणाऱ्यांना पिण्याच्या पाण्याचा रकाना समजावून सांगावा लागत नाही, आणि तिथे झालेली मागणी ग्रामसभेत सहसा मागे पडत नाही. मग ग्रामसभेत क्रम ठरवा: आधी माणसं, मग जनावरं, मग रब्बीची अन्नधान्य आणि चारा पिकं, आणि उरलं तर बारमाही पिकं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. गावचे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे नियम गावाने स्वतः केले. तिथे वन, जलसंधारण, रोजगार हमी असे वेगवेगळ्या खात्यांचे पैसे आले, पण कुठल्या पैशाने काय आधी करायचं हे गावाच्या आराखड्याने सांगितलं.

प्रत्येक गावाला उसावर बंदी झेपणार नाही, आणि ती लगेच घालावी असंही मी म्हणत नाही. सुरुवात सोप्या ठरावांनी करा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरणाऱ्या नव्या शेततळ्याला ग्रामपंचायत शिफारस देणार नाही. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही कायद्याची तरतूद गावात पाळली जाईल. पाऊस सरासरीच्या खाली गेला तर नवी ऊस लागण थांबेल. ठरावात तारीख, गट नंबर आणि जबाबदार पद हवं. 'प्रयत्न करण्यात यावेत' अशा शब्दांनी संपणारा ठराव कोणत्याच कार्यालयात कोणी उघडून पाहत नाही.

पायरी ५: एका कामाला अनेक निधी जोडा

सरकारी भाषेत याला अभिसरण म्हणतात. जुना पाझर तलाव दुरुस्त करायचाय, असं धरा. गाळ काढणं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'मधून होतं आणि गाळ शेतकरी आपल्या शेतात नेतो. वरच्या बाजूचे चर आणि बांधबंदिस्ती रोजगार हमीतून. सांडव्याचं बांधकाम जलसंधारण विभागातून किंवा जिल्हा नियोजनातून. पुनर्भरणाचं काम वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायच्या निधीतून. काठावरची झाडं सामाजिक वनीकरणाकडून.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होते, त्यातले निम्मे पिण्याचं पाणी, पर्जन्यसंचय आणि पुनर्वापरासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. पुढच्या आयोगाच्या अटी हाती आल्या की हा भाग त्याप्रमाणे बदला. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं ६०:४० प्रमाण आजवर राखावं लागत आलं आहे, म्हणून सिमेंटची कामं तिथे कोंबू नका, माती-दगडाची कामं तिथे टाका. चालू परिपत्रक पंचायत समितीच्या रोहयो (रोजगार हमी योजना) कक्षातून घेऊनच अंदाजपत्रक करा.

इथे धोकाही आहे. एकाच चराचं बिल दोन योजनांतून निघालं तर लेखापरीक्षणात सरपंच आणि ग्रामसेवक दोघेही अडकतात, आणि पुढची पाच वर्षं गावात कोणी अभिसरणाचं नाव काढत नाही. म्हणून प्रत्येक खात्याचा भाग वेगळा आखा, त्याचं अंदाजपत्रक वेगळं, मोजमाप पुस्तिका वेगळी, फोटो वेगळे. तलावाच्या आराखड्यावर रंग करा: हा भाग रोहयोचा, हा जलसंधारणाचा. तो रंगीत नकाशा प्रत्येक प्रशासकीय मान्यतेच्या फाइलला जोडा.

पायरी ६: तालुक्याची बैठक, पण एका पानाच्या विषयपत्रिकेवर

गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की तुमच्या आणि एकाच ओढ्यावरच्या शेजारच्या दोन-तीन गावांचे आराखडे एकत्र घ्यावेत. पाणलोटाला गावाची हद्द कळत नाही. वरच्या गावाने सगळं अडवलं तर खालच्या गावाची विहीर कोरडी पडते, आणि मग भांडण तहसीलदारांच्या दारात जातं. वरच्या आणि खालच्या सरपंचांनी बैठकीआधीच एकत्र बसलेलं बरं.

बैठकीला योजना वाचून दाखवू नका. पायरी १ मधल्या लाल खुणा घेऊन जा. प्रत्येक खुणेपुढे दोन्ही खात्यांची पदं आणि गावाचा ठराव असतो. त्या दोन अधिकाऱ्यांना एकमेकांसमोर विचारा, कोणी थांबायचं, कोणी जागा बदलायची, किती तारखेपर्यंत. इतिवृत्त त्याच आठवड्यात हवं. कार्यालयातून यायला वेळ लागत असेल तर ग्रामपंचायतीने स्वतः लिहून, सही घेऊन, पोहोच घ्यावी.

वेळापत्रकाचीही एक अडचण आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. जिल्हा नियोजन समितीचे प्रारूप आराखडे साधारण हिवाळ्यात ठरतात. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. फेब्रुवारीत पैसे येतात आणि मार्चमध्ये परत जाऊ नयेत म्हणून घाईने खर्च होतात. पावसाच्या कामांना मात्र मे अखेरची मुदत असते. म्हणून ताळेबंद आणि शिवार फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरका आणि तांत्रिक मान्यतेसाठी अंदाजपत्रकं डिसेंबरपर्यंत तयार ठेवा. मार्चमध्ये निधी पडून आहे असं कळलं की तयार कागद असलेलं गावच तो घेऊ शकतं.

पायरी ७: गायरानाचा प्रश्न पुढे ढकलू नका

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. खासगी जमीन घेतली तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते, त्यामुळे कंपनीचा ओढा साहजिकच गायरानाकडे असतो. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख रुपये तीन वर्षं मिळण्याची तरतूद आहे.

पैसा खरा आहे आणि सौर वीजही हवी आहे. पण गायरानावर कोणाच्या शेळ्या-मेंढ्या चरतात, हे आधी मोजा. बहुधा भूमिहीनांच्या आणि मेंढपाळांच्या, ज्यांना ठिबकचं आणि मोफत विजेचं काहीच मिळत नाही. त्यांचं कुरण गेलं तर 'गरिबीमुक्त गाव' आणि 'स्वच्छ व हरित गाव' ही पंचायतींसाठी ठरवलेल्या नऊ संकल्पनांपैकी दोन उद्दिष्टं गावातच एकमेकांना खाऊ लागतात. उपकेंद्राच्या जवळची खडकाळ, पडीक खासगी जमीन सुचवता येते का, ते आधी पाहा. नसेल तर गायरानाचे भाग करा: कुरण, वनीकरण आणि पॅनेल. त्याच सभेत त्या ५ लाखांतून चाऱ्याची सोय करण्याचा ठराव घ्या. हे ना हरकत देण्याआधी व्हायला हवं, नंतर गावाच्या हातात काही राहत नाही.

पायरी ८: थोडं मोजा, पण नियमित

पोर्टलवर भरायचे आकडे शेकड्यांनी आहेत. पंचायत प्रगती निर्देशांक आहे, माझी वसुंधरा अभियानाचे गुण आहेत. ते भरा, पण गावाच्या फळ्यावर चारच आकडे ठेवा: ठरलेल्या पाच-सहा विहिरींची पाणीपातळी, उन्हाळ्यात टँकर लागला ते दिवस, उसाचं क्षेत्र आणि पंपांची संख्या. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा, म्हणजे तुलना करता येईल. दोरीला वजन बांधून, दोरीवर खुणा करून मोजलं तरी चालतं. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती चुकवत नाहीत. चारांपैकी एक आकडा सुधारला आणि दुसरा बिघडला, तर त्या दोन आकड्यांमागच्या खात्यांना पुढच्या बैठकीत एकत्र बोलवा.

गावाच्या हातात काय नाही

इथेनॉलचं धोरण दिल्लीत ठरतं, वीजदर आणि माफी मुंबईत. पेट्रोल वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय मराठवाड्याच्या भूजलावर भार टाकतो आणि तो भार कुठल्याच खात्याच्या फाइलमध्ये दिसत नाही. हे ग्रामसभेने सुटणार नाही. पण ताळेबंद असलेली शंभर गावं एका जिल्ह्यात असतील, तर जिल्हा नियोजन समितीत आणि आमदारांच्या आमसभेत हा भार आकड्यांत मांडता येतो. उसाऐवजी मका किंवा इतर कमी पाण्याच्या पिकापासून इथेनॉल, किंवा कडधान्याची खात्रीची हमीभावाने खरेदी, अशा मागण्या तिथे करायच्या. 'पाणी कमी पडतं' यापेक्षा 'आमच्या पाच गावांत भरपाईपेक्षा उपसा इतका जास्त आहे' हे वाक्य अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

शेवटची अडचण बदल्यांची. तालुक्यातले अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात आणि तोंडी झालेला समन्वय त्यांच्याबरोबर जातो. म्हणून ताळेबंद, रंगीत नकाशा, ठराव आणि इतिवृत्तं एका फाइलमध्ये, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. नवा गटविकास अधिकारी किंवा कृषी अधिकारी रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्या फाइलची प्रत देऊन पोहोच घ्या, आणि जमलं तर त्याला एक फेरी पाणलोटाच्या माथ्यापर्यंत घेऊन जा.